विदरबी हॉलच्या गॅलरीतला शालवाला

मंगळवार, २० ऑगस्ट. सकाळी ११.१०

नोकरी गेली. सव्वानऊला मीटिंगचं इन्व्हाइट, साडेनऊला मीटिंग, नऊ बेचाळीसला लॅपटॉप लॉक. अकरा वर्षं बारा मिनिटांत आटोपली. मॅनेजर म्हणाला की याचा तुझ्या परफॉर्मन्सशी काही संबंध नाही. हे मला मान्य आहे.

पॅकेजबरोबर झूमवरची एक करिअर कोच मिळाली. ती म्हणाली, रोज जर्नल लिहा आणि स्वतःशी ऑनेस्ट राहा. म्हणून ही वही. वही गाडीत, स्टेपनीखाली राहील.

परिस्थिती अशी. नोकरी गेल्यापासून साठ दिवस. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने माझा व्हिसा उचलला नाही तर गाशा गुंडाळायचा. नेत्राचा व्हिसा माझ्या व्हिसाला लटकलेला, तिची नोकरी तिच्या व्हिसाला. आन्या इथे जन्मलेली, पण नऊ वर्षांची पोरगी काय एकटी राहणार आहे? म्हणजे तिघांचं सगळं माझ्यावर. दडपण वगैरे अजिबात नाही.

दुपारी १.३०

नेत्राला सांगायचं नाही. ती काळजी करेल, आणि ती काळजी करायला लागली की मला झोप येत नाही. शिवाय दोन आठवड्यांत ऑफर हातात असेलच. मग एकदम सांगू, पेढ्यांसकट.

बुधवार, २१ ऑगस्ट

अडचण आहे. नेत्रा सोमवारी आणि शुक्रवारी घरून काम करते, उरलेले दिवस रेस्टनला ऑफिस. म्हणजे मला घरी बसता येत नाही. तिला सांगून टाकलं की आमच्या कंपनीने पाचही दिवस ऑफिसला बोलावलंय. तिला माझी दया आली. डब्यात एक पोळी जास्त दिली.

डबा घेऊन ॲशबर्नच्या लायब्ररीत गेलो तर मुलांच्या सेक्शनमध्ये मराठी मंडळाच्या वल्लरीकाकू गोष्टी वाचून दाखवत होत्या. त्यांनी हात केला. म्हटलं, पुस्तक परत करायला आलोय. हातात पुस्तक नव्हतं. या गावात लपायला जागा नाही. बालवाडीपासून कॉस्टकोपर्यंत सगळीकडे आपलीच माणसं.

मग आठवलं. आन्याच्या शाळेच्या रॅफलमध्ये विदरबी हॉलची वर्षभराची फॅमिली मेंबरशिप लागली होती. एकदाही वापरली नाही. पाऊण तासाचा ड्राइव्ह, पार्किंग फ्री, टी-रूमला वायफाय. आणि मंडळातलं कुणीही तिथे तडमडणार नाही.

गुरुवार, २२ ऑगस्ट

उत्तम निर्णय. विदरबी हॉल म्हणजे इंग्लंडमधलं चारशे वर्षांचं खेडेगावातलं मोठं घर. १९२६ साली इथल्या एका तंबाखूवाल्याने ते विकत घेतलं, दगडा-दगडावर नंबर टाकून जहाजाने आणलं आणि व्हर्जिनियात परत जोडलं. हे सगळं डॉरथीने सांगितलं. डॉरथी इथली व्हॉलंटिअर गाइड. चौऱ्याहत्तरची, निळं कार्डिगन, गुडघे गेलेले, उत्साह शाबूत. तिचं म्हणणं, दगडांबरोबर घरातलं भूतही आलं. फक्त त्याच्यावर नंबर नव्हता.

भूत म्हणजे लेडी ऑगस्टा, पांढरा गाऊन, जिन्यात रडते. पण १९८३ नंतर कोणाला दिसलेली नाही. म्हटलं, व्हिसा एक्स्पायर झाला असेल. डॉरथी हसली. मला मात्र माझंच बोलणं झोंबलं.

मी भूतबीत मानत नाही. मी सायन्सचा माणूस. घरी पॅसेजचा लाइट चालू ठेवतो तो पायात काही येऊ नये म्हणून.

मंगळवार, २७ ऑगस्ट

बस्तान बसलं. वरच्या मजल्यावर एक लांबलचक गॅलरी आहे. तिच्या उत्तरेच्या खिडकीत बसायला कट्टा, आणि तिथेच फोनला दोन दांड्या मिळतात. स्क्रीनवर ऊन येतं म्हणून मखमली पडदा ओढून घेतो. पेंटिंग जपायला एसी असा लावलाय की दात वाजतात. गाडीत मंडळाने साउंड सिस्टिमच्या सेवेबद्दल दिलेली राखाडी शाल पडून होती, ती पांघरतो. सत्कार कामी आला.

दिनक्रम ठरवला. रोज वीस ॲप्लिकेशन्स. तासभर इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस, गॅलरीत फेऱ्या मारत, मोठ्याने पण पुटपुटत. सकाळी आल्या आल्या उरलेल्या दिवसांचा आकडा स्वतःला ऐकवायचा, म्हणजे शिस्त राहते. मन शांत राहायला रामरक्षा. बारा सूर्यनमस्कार.

राहिले ५३. भरपूर आहेत.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

ॲप्लिकेशन्स एकूण नऊ. उत्तरं दोन, दोन्ही मशीनने पाठवलेली. क्वालिटी महत्त्वाची, क्वांटिटी नाही. सूर्यनमस्कार मखमली गालिच्यावर शोभत नाहीत.

सोमवारी हॉल बंद असतो. सोमवारी फर्निचरच्या दुकानात सोफा बघायचा, असं ठरलंय. गेल्या सोमवारी तिथल्या सेल्समनने मला नावाने हाक मारली. दुसरं दुकान शोधायला हवं.

शनिवार, ७ सप्टेंबर

मंडळाचा गणपती. संग्राम भेटला. त्याचीही नोकरी जुलैत गेली होती. त्याने काय करावं? मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चक्क टाकलं की माझी नोकरी गेली, कुणाकडे काही असेल तर सांगा. साडेतीनशे लोकांसमोर! मला वाचतानाच घाम फुटला होता. अकरा दिवसांत त्याला नोकरी मिळाली म्हणे, कुणाच्या तरी मेव्हण्याकडे. मिळो बापडी. माणसाला काही लाज असते.

मला विचारलं कसं चाललंय. म्हटलं, मरायला वेळ नाही. नेत्रा शेजारीच उभी होती, मोदक वाढत राहिली.

राहिले ४२.

बुधवार, ११ सप्टेंबर

आज खळबळ. ओहायोच्या दोन बहिणींना गॅलरीत भूत दिसलं! लेडी ऑगस्टा नव्हे. राखाडी वस्त्र पांघरलेला पुरुष, उत्तरेच्या खिडकीपाशी, सकाळी दहा चाळीसला. पडद्याआडून डोकावला आणि परत आत गेला. डॉरथीने आनंदाने एक नवं रजिस्टर उघडलं.

हळहळ वाटली. दहा चाळीसला मी नेमका तिथेच होतो, पण पडद्याच्या आत. थोडक्यात हुकलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

पुन्हा दिसला. आता तो फेऱ्या मारतो, हात चोळतो आणि एकच शब्द म्हणतो. तो शब्द 'पॅशन' आहे असं एका पाद्रीबाईंनी शपथेवर सांगितलं. डॉरथीच्या मते तो प्रेमात फसलेला उमराव असणार. मलाही पटलं. एवढं पॅशन, पॅशन करणाऱ्या माणसाचं पुढे काही होत नाही.

मी मात्र माझी प्रॅक्टिस सोडली नाही. 'आय ॲम पॅशनेट अबाउट स्केलेबल सिस्टिम्स' हे वाक्य आज चाळीस वेळा घोटलं.

बुधवार, १८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. आणि इथे गर्दी वाढत चाललीय. टी-रूममध्ये 'ग्रे मॅन स्कोन' नावाचा गोड पाव निघालाय, वर करडं आयसिंग. आज नवी तक्रार, भुताबरोबर गंधकासारखा वास येतो. एक आजोबा म्हणाले, साक्षात नरकाचा दरवाजा उघडल्यासारखा. दुपारी साडेबाराला. मला काही आला नाही, आणि मी त्या वेळी तिथेच बसून मुळ्याची भाजी खात होतो.

एक गोष्ट कबूल करतो, कारण हे कोणी वाचणार नाही. थोडी भीती वाटायला लागलीय. भुताची नव्हे, वातावरणाची. रामरक्षा एकाऐवजी तीन वेळा म्हणतो.

राहिले ३१. चाळीस ॲप्लिकेशन्स, तीन फोन, एका ठिकाणी दोन राउंड पार. कॅरी गावची कंपनी आहे, फार्माची. लोक चांगले वाटतात. फायनल राउंड २४ तारखेला. हे होणारच. नॉर्थ कॅरोलायनातल्या घरांच्या किमती बघून ठेवल्या.

मंगळवार, २४ सप्टेंबर. दुपारी २.४०

गाडीची दारं लॉक करून लिहितोय.

दोन वाजता व्हिडिओ कॉल. पडद्याआड बसलो, शर्ट-टाय, खांद्यावर शाल. पंचवीस मिनिटं छान गेली. डायरेक्टर हसला देखील. तो म्हणाला, आता तुमचा व्हिसा कोणता ते जरा... आणि तेवढ्यात पलीकडून कुणीतरी पडदा ओढला. शाळेची ट्रिप. पुढची मुलगी जी किंचाळली ती अशी की काचा हादरल्या. मला वाटलं माझ्या मागे तो उभा आहे. मीही किंचाळलो. मराठीत. मग शाल, फोन आणि अब्रू टाकून जिन्यापर्यंत पळालो. परत आलो तेव्हा कॉल कट झालेला होता.

मेल करून सांगितलं की घरात एक फॅमिली इमर्जन्सी झाली. चार मिनिटांत उत्तर आलं. विश यू द बेस्ट.

या भुताने माझी नोकरी घालवली. आता बस्स. आता एक तर मी राहीन, नाही तर तो.

बुधवार, २५ सप्टेंबर

भावनेच्या भरात काही करायचं नाही. रूट कॉज ॲनालिसिस केलं. डॉरथीच्या रजिस्टरवरून भूत दिसल्याच्या सगळ्या वेळा एक्सेलमध्ये उतरवल्या, पुढच्या कॉलममध्ये त्या वेळी मी कुठे होतो ते. एकूण तेवीस वेळा. तेवीसच्या तेवीस वेळा मी गॅलरीत. मी सोफे बघत होतो त्या दिवशी एकदाही दिसला नाही.

निष्कर्ष स्पष्ट आहे. तो माझ्या मागावर आहे.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

राहिले २२.

सकाळी निघताना आन्याने विचारलं, बाबा, यू विल कम फॉर माय सायन्स फेअर, राइट? नोव्हेंबरच्या नऊला. म्हटलं, ऑफ कोर्स. गाडी कॉलनीच्या बाहेर काढली आणि पुढच्या वळणावर थांबवून रडलो. नीट रडलो, हुंदके देऊन. नोव्हेंबरच्या नऊला आम्ही कुठे असू ते मला माहीत नाही. नागपूरला आईकडे असू. पोरीला नागपूरचा उन्हाळा माहीत नाही, मराठीत 'ळ' म्हणता येत नाही, आणि मी तिला ऑफ कोर्स म्हणालो.

आज नेत्राला सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. ती पोळ्या लाटत होती, मी मागे जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, काय रे? मी म्हटलं, मीठ कुठेय? मीठ समोरच होतं.

मंगळवार, १ ऑक्टोबर

बॉल्टिमोरहून भुतं शोधणारी टीम आली. तिघं जण, तिघांच्याही अंगावर गोंदण. त्यांचा म्होरक्या, गॅरी, दीड माणसाएवढा आहे. सगळीकडे रेकॉर्डर चिकटवले, एक खिडकीच्या कट्ट्याखाली. पाचनंतर अलार्म लागतो म्हणून दिवसाच लावतात. मला बाहेर टी-रूममध्ये बसायला सांगितलं होतं. बसलो. पण सकाळचं माझं मात्र नेहमीप्रमाणे ते यायच्या आधी, नाही, बहुतेक रेकॉर्डर लागल्यावर लगेच उरकून घेतलं. रामरक्षेत खंड नको.

राहिले १८.

बुधवार, २ ऑक्टोबर. दुपारी १२.००

हे लिहितानाही अंगावर काटा येतोय.

सकाळी डॉरथीने मला ऑफिसात बोलावलं. म्हणाली, टीमला आवाज मिळालाय, पण भाषा कळत नाही, तुम्ही बऱ्याच भाषा जाणत असाल. गॅरीच्या मते लॅटिन. हेडफोन लावले. खरखर, खरखर, आणि मग स्पष्ट रामरक्षा! भूत मराठी आहे!

आधी पडद्यामागच्या घोगऱ्या आवाजात अख्खा पाठ. उच्चार ठीक, पण आत्मविश्वास शून्य. दम लागतोय, मधेच एक ओळ गाळली. शिकलेला, पण खचलेला माणूस. आणि शेवटी, स्वतःशी बोलल्यासारखं, 'अठरा राहिले. अठरा. तिला कळलं तर मेलो.'

माझेही काल अठराच राहिले होते. त्याला माझे दिवस माहीत आहेत. आणि मेलो म्हणतोय, म्हणजे भूतच, यात शंका नको.

डॉरथीने विचारलं, काय म्हणतोय? तिला सांगितलं, प्रार्थना आहे. बाकीचं सांगवेना.

दुपारी २.१५

सगळा उलगडा झाला. गेल्या शतकात, नाही तर त्याच्याही आधी, आपला कुणी माणूस विलायतेला शिकायला गेला असणार. या घरात पाहुणा म्हणून उतरला असणार, आणि काही तरी होऊन तिथेच गेला. घरी कुणाला कळवलं नसणार. ना श्राद्ध, ना पिंड. मग घराबरोबर इथे आला, दगडांच्या खोक्यांतून. शंभर वर्षं बिचारा उपाशी आहे आणि आपली भाषा बोलणारा मी एकटाच त्याला सापडलो. तो माझ्या मागावर नाही, तो मला विनवतोय!

आणि आज कोणता दिवस? सर्वपित्री अमावास्या! नेत्राने पहाटे उठून स्वयंपाक केला होता. डब्यात उडदाचे वडे, खीर, अळूची भाजी. मी तो सगळा डबा त्याच्या नावाने काढला. टी-रूममधून एक चांगली प्लेट आणली, पडद्याआड कट्ट्यावर पान वाढलं, भोवती पाणी फिरवलं. हात जोडून म्हटलं, बाबा रे, जेव. तुझं काय अडलंय ते माहीत नाही. पण माझं अडलंय. जेवून तृप्त हो आणि माझ्या वाटेतून बाजूला हो. मला अठरा दिवसांत, म्हणजे आता सतरा, नोकरी मिळू दे.

मग खाली जाऊन अर्धा तास बसलो. परत आलो तर पान स्वच्छ. वडा नाही, खीर नाही, अळूचं फतफतंसुद्धा चाटून पुसून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तृप्त झाला.

इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. आता सगळं होणार. पोटात मात्र कावळे ओरडताहेत.

संध्याकाळी ७.३०, गॅरेजमध्ये, गाडीत

हॉलवाल्यांनी तो आवाज फेसबुकवर टाकला. ही भाषा कोणती, ओळखा. अर्ध्या तासात मंडळाच्या ग्रुपवर. १४३ मेसेज. अरे ही तर रामरक्षा! भूत आपलं निघालं! वल्लरीकाकू म्हणतात, आवाज कोकणस्थी वाटतो. कुणी म्हणतं, दिवाळी पहाटेला बोलवू या. मी काही लिहिलं नाही. या संशोधनाचं श्रेय मला आहे, पण ते योग्य वेळी घेईन.

नेत्राने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तो ऐकला. मग इअरफोन लावून परत ऐकला. मग तिसऱ्यांदा. उद्या डब्यात काय देऊ, एवढं विचारलं. म्हटलं, काहीही चालेल.

गुरुवार, ३ ऑक्टोबर. दुपारी ४.००

घडलं तसं लिहितो.

साडेदहाला पडद्याआड बसलो होतो. नऊ ॲप्लिकेशन्स झाली होती, मूड चांगला होता. गॅलरीत पावलं वाजली. सावकाश, एकटी. कोणतीही टूर नव्हती. पावलं खिडकीपाशी येऊन थांबली. म्हटलं, कालच्या जेवणाचं सांगायला आला. डोळे घट्ट मिटले आणि मोठ्याने रामरक्षा सुरू केली. पडदा सरकला.

नेत्रा होती. कुर्त्यावर व्हिजिटरचं गोल स्टिकर. तिने तिकीट काढलं होतं, मेंबरशिप असून.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. कट्ट्यावर माझ्या शेजारी बसली, शाल थोडी स्वतःच्या अंगावर ओढून घेतली, कारण तिथे थंडी फार. म्हणाली की चौदा वर्षं रोज सकाळी बाथरूममधून ही रामरक्षा ऐकतेय, आणि तू रोज तीच एक ओळ गाळतोस. मग विचारलं, किती दिवस झाले? म्हटलं, चव्वेचाळीस. तिने बोटांवर मोजलं.

मी सांगत सुटलो. कॅरी, सोफे, शाळेची ट्रिप, नागपूर, सगळं. तुला काळजी नको म्हणून, वगैरे. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली,

"देवदत्त, माझ्या कंपनीने मला तीनदा विचारलंय. तुझा स्वतःचा व्हिसा करू का म्हणून. तीनदा. मी प्रत्येक वेळी म्हणाले, नको, नवऱ्याचा आहे ना."

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

हे तोंडातून कसं गेलं कळलं नाही. पण खरं आहे, आणि कोच म्हणाली होती ऑनेस्ट राहा, तर लिहितो. पहिल्याच दिवशी, अकरा दहाला, ही वही उघडायच्याही आधी ते माझ्या मनात आलं होतं. नेत्राचा व्हिसा होऊ शकतो. पूर्वी तिचा होताच, आन्या झाल्यावर तिने सोडला. संध्याकाळी घरी जाऊन दोन वाक्यं बोललो असतो तर काम झालं असतं. मग मी तिच्या व्हिसावर राहिलो असतो. मंडळात लोकांनी विचारलं असतं. म्हणून मी ते मनातून काढून टाकलं आणि वहीत लिहिलं नाही.

नेत्रा रडली. मला वाटलं होतं ती माझ्यावर चिडून रडेल. ती म्हणाली की इतके दिवस तू इथे एकटा बसून डबा खात होतास.

एवढ्यात डॉरथी आली, मागून गॅरी. दोघांनी शालीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. डॉरथीचा चेहरा असा पडला की मला तिची माफी मागावीशी वाटली. मी तरी विचारलंच, मग काल पान कुणी संपवलं? गॅरी म्हणाला, ते डोनट अप्रतिम होते, टी-रूमने रेसिपी द्यावी. त्याला वाटलं होतं टीमसाठी ठेवलंय.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

राहिले १५. पण आता मोजणं नेत्राकडे.

तिने सकाळी आठला बॉसला फोन केला. नऊला वकील झूमवर. सगळं मिळून तेवीस मिनिटं लागली. लेबर डिपार्टमेंटचा एक कागद यायला कामाचे सात दिवस, मधे एक सरकारी सुट्टी, म्हणजे तो येणार १६ तारखेला. तो हातात आल्यावर फाइल करायला दोन दिवस. वकीलबाईंनी विचारलं, एवढा उशीर का केलात, दीड महिन्यात हे आरामात झालं असतं. नेत्रा म्हणाली, घरी थोडी अडचण होती. मी स्क्रीनच्या बाहेर बसलो होतो.

गुरुवार, १० ऑक्टोबर

झोप नाही. कागद आला नाही तर? सुट्टीमुळे एक दिवस लांबला तर? नेत्राने घरातली कुठलीच वस्तू विकायला काढली नाही, पण काल तिला आन्याची शाळेची सर्टिफिकेट्स एका फाइलला लावताना पाहिलं. मी जवळ गेलो तर म्हणाली, सहज. माझ्या चव्वेचाळीस दिवसांच्या थापांपुढे तिचं हे एक सहज. सहन होत नाही.

संग्रामला फोन केला. सगळं सांगितलं. तो हसेल म्हणून तयारीत होतो. तो म्हणाला की रिझ्युमे पाठव, आत्ता पाठव. पाठवला. सोपं होतं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर. दुपारी ३.२०

कागद काल संध्याकाळी सहा दहाला आला. आज पाकीट गेलं. उद्या पोचेल. मुदत परवा संपतेय.

माझाही फॉर्म त्याच पाकिटात. नेत्राने सही करायच्या जागी पिवळे बाण चिकटवले होते, मी बाण बघून सह्या केल्या. मी आता तिच्यावर अवलंबून, असं त्यात लिहिलंय, सरकारी इंग्रजीत. नवी कंपनी मिळेपर्यंत काम करायची परवानगी नाही. ऑक्युपेशनच्या रकान्यात काय लिहू, विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, नन. म्हणजे काहीही नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर. सकाळी ११.००

पाकीट वेळेत पोचल्याची पावती आली. आता उत्तराची वाट पाहायची. राहता येईल, असं वकीलबाई म्हणतात.

डॉरथीचा मेल आला. ट्रस्टींची मीटिंग झाली. शालवाला माणूस जिवंत असल्याचं निष्पन्न झाल्यामुळे त्याला टूरमधून वगळण्यात येत आहे. यापुढे लेडी ऑगस्टावरच भर देणार. मला वाईट वाटू नये म्हणून तिने लिहिलंय की याचा तुमच्या कामाशी काही संबंध नाही, अजूनही लोक तुमची चौकशी करतात. मी उत्तर लिहायला घेतलं की एखादं व्हॉलंटिअर काम असेल तर, निदान हॅलोविनपर्यंत, मला अनुभव आहे. मग ते पुसलं. दोन महिन्यांत दोनदा काढून टाकलेला माणूस मी एकटाच असेन.

सकाळी नेत्रा ऑफिसला निघाली. आज मी तिला डबा करून दिला. पोळ्या नकाशासारख्या झाल्या होत्या, पण तिने नेल्या. दारात चपला घालताना तिने विचारलं, आज काय करणार आहेस? रोज मी काहीतरी ठोकून द्यायचो. क्लायंट मीटिंग, रिलीज, डेमो. आज म्हटलं, माहीत नाही. काहीच नाही बहुतेक.

ती म्हणाली,

"चालेल. काही नाही तर काही नाही. पण घरीच कर."

गाडी गेल्याचा आवाज आला. भांडी घासली. अकरा वाजून गेलेत, घरीच आहे.